घरांतील बोलपटाचा आवाज

चित्रपटाला आपल्या भाषेंत ‘बोलपट’ असें एक सुंदर नांव आहे. हल्लीं तें फारसें कानीं पडत नाहीं. परंतु ज्या पिढीनें तें योजिलें, तिला पडद्यावरील माणसें बोलूं लागण्याचें अपूर्व महत्त्व पुरतें कळलें होतें. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरांत ‘आलम आरा’ हा भारतांतील पहिला बोलपट दाखविण्यांत आला, आणि पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९३२ सालीं, प्रभात कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’नें मराठी वाणी पडद्यावर आणिली. तोंपर्यंत चित्रें नुसतीं हलत होतीं. आतां तीं बोलूं लागलीं. शब्द ऐकूं यावा व समजावा, हीच त्या नव्या कलेची थोरवी होती.

आज तोच बोलपट आपल्या बैठकीच्या खोलींत येऊन बसला आहे. दूरदर्शन-संच वर्षानुवर्षें रुंद व पातळ होत गेला आणि चित्र आरशासारखें स्वच्छ झालें. परंतु संच जितका पातळ झाला, तितकी त्यांतील ध्वनिक्षेपकाची, म्हणजे स्पीकरची, जागा आक्रसली. पुष्कळ संचांत तर त्याचें तोंड खालीं किंवा मागें असतें. त्यामुळें शब्द आपल्याकडे सरळ न येतां भिंतीवर आपटून येतात. परिणाम सर्वांच्या परिचयाचा आहे. ‘काय म्हणाला तो?’ असें आजोबा विचारतात, म्हणून आवाज वाढवावा, तों पडद्यावर एखादी मोटार उलटते आणि सारें घर दचकतें. मग आई आवाज कमी करिते, आणि पुन्हां आजोबांचा तोच प्रश्न! अखेर वडील दुकानांत जातात, ‘हजार वॅट’ अशीं मोठीं अक्षरें छापलेली पेटी घरीं आणितात; पैसे खर्च होतात, भिंती हादरतात आणि आजोबांचा प्रश्न जागच्या जागीं राहतो.

असें कां व्हावें, आणि तें टाळावयाचें कसें, हें विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना समजावून देण्याचा ह्या लेखाचा हेतु आहे. त्याचें सार आरंभींच सांगून टाकतों : घरच्या चित्रपटासाठीं स्पीकर निवडतांना पहिला मान शब्दाला द्यावा, दुसरा खोलीला, आणि गडगडाटाला तिसरा. बाजारांत बहुधा हा क्रम उलटा लावितात.

प्रथम ध्वनिक्षेपक म्हणजे काय तें पाहूं. कागदाचा किंवा तत्सम हलक्या पदार्थाचा एक शंकु असतो. त्याच्या मुळाशीं तांब्याच्या बारीक तारेचें वेटोळें असून तें लोहचुंबकाच्या अरुंद फटींत लोंबतें. तारेंतील विजेचा प्रवाह जसा उलटसुलट होतो, तसें वेटोळें मागेंपुढें हलतें, शंकूला हलवितें, आणि शंकु हवेला ढकलतो. ह्या रचनेला आजचें रूप अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग ह्या दोघांनीं १९२५ सालीं दिलें. सुमारें शंभर वर्षें लोटलीं, तरी आपल्या घरांतील स्पीकर मुख्यतः त्याच तत्त्वावर चालतो.

शंकु एका सेकंदांत जितक्या वेळां मागेंपुढें होतो, तितके त्या आवाजाचे ‘हर्ट्झ’ असें म्हणतात. तरुण माणसाच्या कानाला सुमारें २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकूं येतात. ध्वनि हवेंतून सेकंदाला सुमारें ३४३ मीटर धांवतो. ह्या वेगाला हर्ट्झच्या संख्येनें भागलें कीं एका लाटेची लांबी निघते. विद्यार्थ्यांनीं हा भागाकार स्वतः करून पाहावा. २० हर्ट्झची लाट १७ मीटरांहून लांब, म्हणजे आपल्या साऱ्या घरांतहि न मावणारी. तर १०,००० हर्ट्झची लाट जेमतेम साडेतीन सेंटीमीटर, म्हणजे दोन बोटांच्या रुंदीएवढी. एका टोकाला घराहून मोठी लाट आणि दुसऱ्या टोकाला दोन बोटांची. ह्या दोहोंना एकच शंकु न्याय कसा देणार?

तबल्याची जोडी पाहा. उजव्या हाताचा तबला लहान, त्याचा सूर उंच. डाव्या हाताचा डग्गा मोठा, त्याचा घुमारा खोल. एकाच वाद्यानें दोन्ही कामें साधत नाहींत, म्हणून वादक दोन वाद्यें घेऊन बसतो. स्पीकरच्या पेटींतहि हीच व्यवस्था असते. उंच स्वरांसाठीं लहानसा ‘ट्वीटर’ असतो, आणि खालच्या स्वरांसाठीं मोठा ‘वूफर’. पांखराच्या चिवचिवाटावरून पहिल्याला व कुत्र्याच्या भुंकण्यावरून दुसऱ्याला इंग्रजींत हीं नांवें पडलीं. वूफरच्याहि खालचा खर्ज जो सांभाळतो, तो ‘सबवूफर’. त्याचा विचार पुढें करूं. कारण वर सांगितल्याप्रमाणें पहिला मान शब्दाचा आहे.

बोललेला शब्द कानाला समजतो तो मुख्यतः व्यंजनांनीं. ‘सात’ आणि ‘साठ’ हे दोन शब्द मोठ्यानें म्हणून पाहा. स्वर तोच, आरंभ तोच. अर्थाचा सारा भार शेवटच्या इवल्याशा व्यंजनावर आहे. स्वरांमध्यें जोर असतो, पण व्यंजनें दुबळीं असतात, आणि त्यांना ओळखण्याच्या खुणा बव्हंशीं २,००० हर्ट्झच्या वर असतात. वय वाढूं लागलें म्हणजे कानाची शक्ति प्रथम ह्याच वरच्या भागांत क्षीण होते. म्हणून आजोबा म्हणतात, ‘आवाज ऐकूं येतो, पण शब्द लागत नाहीं.’ हा त्यांचा हट्ट नव्हे. ती शरीरशास्त्रांतील एक सरळ गोष्ट आहे. आवाज सरसकट वाढविल्यानें स्वर व स्फोट दोन्ही वाढतात. हवें असतें तें व्यंजनांचें स्वच्छपण.

येथें मधल्या स्पीकरचें, ज्याला ‘सेंटर’ म्हणतात त्याचें, महत्त्व लक्षांत येईल. २७ एप्रिल १९३३ रोजीं बेल प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथें चाललेलें वाद्यवृंदाचें वादन तारांवाटे वॉशिंग्टन शहरांतील एका सभागृहांत पोंचविलें. तेथील व्यासपीठावर वादक एकहि नव्हता. डावीकडे, मधोमध व उजवीकडे असे तीन ठिकाणीं ध्वनिक्षेपक मात्र मांडले होते. मधला मांडण्याचें कारण असें कीं, दोनच स्पीकर असले, तर ‘आवाज मधून येतो’ हा भास बरोबर मध्यभागीं बसलेल्यालाच होतो. बाजूला बसलेल्याला तो जवळच्या स्पीकरकडे सरकलेला वाटतो. चित्रपटगृहांनींहि पुढें हाच मार्ग स्वीकारिला, आणि आज चित्रपटांतील बहुतेक संवाद ह्या मधल्या मार्गानेंच पाठवितात. घरांत वडील कोचाच्या मध्यावर बसतात व मुलें सतरंजीच्या कडेला. तेव्हां मुलांना संवाद पडद्यांतून यावयास हवा असेल, तर मधला स्पीकर ही चैन नसून गरज आहे.

आतां दुकानांत ऐकूं येणारे ५.१, ७.१ हे आंकडे समजून घेऊं. हे दशांश अपूर्णांक नव्हेत. १९९२ सालीं ‘बॅटमॅन रिटर्न्स’ ह्या इंग्रजी चित्रपटाबरोबर डॉल्बी कंपनीची जी अंकीय पद्धति चित्रपटगृहांत आली, तींत पांच पूर्ण ध्वनिमार्ग होते : पुढें डावा, मधला व उजवा, आणि श्रोत्यांच्या दोहों बाजूंस एकेक. सहावा मार्ग केवळ गडगडाटाचा. तो १२० हर्ट्झच्या वर जात नाहीं, म्हणून त्याला पूर्णांकाचा मान न देतां ‘.१’ म्हटलें. पुढें मागचे दोन मार्ग वाढून ७.१ झालें. २०१२ सालीं आलेल्या अ‍ॅटमॉस पद्धतीनें छताकडूनहि आवाज आणिला, ५.१.२ ह्यांतील शेवटचा दोन हा अशा वरच्या स्पीकरांचा आंकडा होय. संख्या वाढली म्हणजे गुण वाढलाच, असें मात्र नाहीं. ठराविक रकमेंत सात हलके स्पीकर घेण्यापेक्षां तीन चांगले घेणें शहाणपणाचें.

ते मांडावयाचे कसे, हें सांगावयास भूमितीचें पुस्तक पुरे. श्रोता, डावा स्पीकर व उजवा स्पीकर ह्या तीन बिंदूंचा समभुज त्रिकोण व्हावा; म्हणजे श्रोत्याच्या नाकासमोरील रेषेपासून प्रत्येक स्पीकर सुमारें ३० अंशांवर येतो. बाजूचे स्पीकर त्याच रेषेपासून १०० ते १२० अंशांवर, म्हणजे खांद्याच्या किंचित् मागें, व कानांहून थोडे उंच असावेत. पुढच्या तिघांचे ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानांच्या उंचीला असले म्हणजे उत्तम. मधला बहुधा पडद्याखालीं ठेवावा लागतो. तेव्हां त्याचें तोंड थोडें वर, श्रोत्यांच्या चेहऱ्यांकडे वळवावें. त्याला कपाटाच्या खोल कप्प्यांत कोंडूं नये. तसें केल्यास तोंडाशीं मडकें धरून बोलणाऱ्या माणसासारखा त्याचा आवाज येतो. आणि पुढचे तिघे एकाच घराण्याचे असावेत; म्हणजे पडद्यावरचें पात्र डावीकडून उजवीकडे चालूं लागलें असतां त्याचा कंठ मध्येंच बदलणार नाहीं.

आतां वॅटविषयीं. वॅट हें आवाजाचें माप नव्हे. तें विजेच्या शक्तीचें माप आहे. आवाजाचें माप डेसिबेल. शक्ति दुप्पट केली, तर आवाज केवळ ३ डेसिबेलनें वाढतो. आणि तो कानाला साधारण दुप्पट वाटावयास शक्ति दसपट करावी लागते. प्रत्येक चांगल्या स्पीकरच्या माहितीपत्रकांत त्याची ‘संवेदनक्षमता’ दिलेली असते, म्हणजे एक वॅट शक्ति दिली असतां एक मीटरवर किती डेसिबेल आवाज निघतो तो आंकडा. एकाचा आंकडा ८५ व दुसऱ्याचा ८८ असेल, तर दुसरा निम्म्या शक्तींत पहिल्याएवढाच वाजेल. साधें संभाषण सुमारें ६० डेसिबेलचें असतें. ह्यावरून घरगुती ऐकण्यांतील बराचसा काळ दोनचार वॅटांवरच निभतो, व अधिक शक्ति लागते ती क्षणभराच्या जोरदार आवाजांसाठीं, हें ध्यानांत येईल. एके काळीं बाजारांत पेट्यांवर ‘पीएमपीओ’ ह्या नांवाखालीं हजारों वॅट छापीत. तो आंकडा कानाच्या उपयोगाचा नव्हे. विचारावयाचें झालें, तर सतत देतां येणारी शक्ति, म्हणजे ‘आरएमएस’ किती, हें विचारावें. आणि अँप्लिफायर किती ओहमचा स्पीकर सांभाळूं शकतो, हेंहि ताडून पाहावें.

आतां सबवूफर. तो मोठमोठ्या स्फोटांसाठींच असतो, हा समज अपुरा आहे. रिसीव्हर नांवाचें जें यंत्र सर्व स्पीकरांना आवाज वाटून देतें, त्यांत एक सीमा ठरवितां येते. ती सामान्यतः ८० हर्ट्झ ठेवितात. तिच्या खालचा सारा खर्ज सबवूफरकडे जातो, आणि लहान स्पीकरांवरील ओझें उतरून ते आपलें वरचें काम अधिक नीट करितात. ८० हर्ट्झची लाट सव्वाचार मीटरांहून लांब असते. ती आपल्या डोक्याभोंवतीं सहज वळते व दोन्ही कानांना जवळजवळ सारखीच भेटते, म्हणून खोलींत तिची दिशा कळत नाहीं. ह्यामुळें सबवूफर पडद्याजवळच हवा असें बंधन नाहीं. मात्र तो कोठें ठेविला, ह्यानें त्याच्या आवाजांत जमीनअस्मानाचा फरक पडतो. कसा तो पाहूं.

एका मोठ्या परातींत पाणी घेऊन ती हलक्या हातानें एका लयींत हालवा. योग्य लय सांपडली कीं पाणी दोन्ही कडांशीं उंच चढूं-उतरूं लागतें आणि मध्यभागीं जवळजवळ स्थिर राहतें. खोलींतील हवेचेंहि असेंच होतें. लाटेच्या अर्ध्या लांबीएवढें दोन भिंतींमधील अंतर असलें कीं ती लाट खोलींत ठाण मांडते. ५ मीटर लांब, ३.५ मीटर रुंद व ३ मीटर उंच अशी बैठकीची खोली घेतली, तर हे स्वर सुमारें ३४, ४९ व ५७ हर्ट्झवर येतात. ह्या स्वरांना भिंतीजवळ बसलेल्याला खर्ज भरमसाट ऐकूं येतो, आणि मधोमध बसलेल्याला तो नाहींसा झाल्यासारखा वाटतो. लांबी, रुंदी व उंची तिन्ही सारखीं असलेली खोली सर्वांत वाईट; कारण तेथें तिन्ही स्वर एकावर एक येतात. दोष यंत्राचा नसतो, तो खोलीचा असतो. आणि अधिक किंमतीचें यंत्र आणून तो जात नाहीं.

ह्यावर एक बिनखर्चाचा उपाय आहे. सबवूफर तात्पुरता आपल्या बसण्याच्या जागेवर ठेवावा, खर्जाचें संथ संगीत लावावें, आणि स्वतः भिंतीच्या कडेनें रांगत फिरावें. ज्या जागीं प्रत्येक स्वर सारखा व स्वच्छ ऐकूं येईल, तेथें सबवूफर ठेवावा व आपण पुन्हां आपल्या जागीं येऊन बसावें. ध्वनीचा मार्ग दोन्ही दिशांनीं सारखाच असल्यामुळें ही युक्ति साधते. लहान भावंडांना ह्या कामीं फार आनंद होतो, आणि मोठ्यांनींहि लाजूं नये. कोपऱ्यांत ठेविल्यास आवाज सर्वांत मोठा येतो, पण बहुधा सर्वांत एकसारखा नव्हे. ऐपत असल्यास एका मोठ्या सबवूफरऐवजीं दोन लहान घेऊन समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवावेत. म्हणजे खोलींतील चढउतार बराच कमी होतो.

सबवूफरच्या पेट्या मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. एक बंद, दुसरी भोंक असलेली. बंद पेटी आकारानें लहान असून तिचा खर्ज आंखीव असतो. भोंकाची पेटी त्याच शक्तींत अधिक जोरानें वाजते, पण जागा अधिक घेते, आणि तिच्या ठराविक सीमेखालीं तिचा आवाज एकदम गळतो. लहान खोलीला बंद पेटी बहुधा पुरते. माहितीपत्रकांत ‘किती हर्ट्झपर्यंत खालीं जातो’ हें वाचतांना त्यापुढें ‘उणे ३ डेसिबेल’ असा खुलासा आहे कीं नाहीं तें पाहावें. खुलासा नसलेला आंकडा फारसा विश्वासाचा नव्हे.

खोलीविषयीं आणखी एक गोष्ट. आपल्याकडे फरशी गुळगुळीत, भिंती गिलाव्याच्या व खिडक्या कांचेच्या. म्हणून वरचे स्वर इकडून तिकडे आपटत राहतात आणि एका शब्दाची शेपटी दुसऱ्या शब्दावर पडते. रिकाम्या खोलींत टाळी वाजवून पाहा, म्हणजे ही शेपटी ऐकूं येईल. जाड पडदे, सतरंजी, गाद्या, पुस्तकांनीं भरलेलें उघडें कपाट ह्यांनीं ती पुष्कळ आंखूड होते. ज्या घरीं नवे स्पीकर घेण्याइतके पैसे नाहींत, त्यांनीं आधीं एक सतरंजी अंथरून, पडदे ओढून पाहावे. कित्येकदां आजोबांना तेवढ्यानेंच चार शब्द अधिक लागतात. मात्र खर्जाच्या लांब लाटा पडद्याला दाद देत नाहींत. त्यांना जागेच्या निवडीनेंच आवरावें लागतें.

आतां कान व शेजारी ह्यांच्याविषयीं दोन शब्द. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें मोठ्या माणसांनीं ८० डेसिबेलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. मुलांसाठीं तीच मर्यादा ७५ डेसिबेलची आहे. हाताच्या अंतरावरील माणसाशीं बोलतांना ओरडावें लागत असेल, तर आवाज फार झाला, असें समजावें. आंतील कानाच्या नाजूक पेशी एकदां मेल्या कीं पुन्हां उगवत नाहींत. शेजाऱ्यांचें म्हणाल, तर शब्द भिंतीशीं अडतो पण खर्ज भिंतीपलीकडे जातो. आपल्याला जो रोमांच वाटतो, तो पलीकडच्या घरांतील आजाऱ्याला नुसती धडधड वाटते. आपल्या देशांतील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें निवासी भागांत रात्रीं दहा ते सकाळीं सहापर्यंत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबेल आहे. सदनिकेंत राहणाऱ्यांनीं सबवूफरखालीं जाड रबर घालावें आणि रात्रीं तो बंद ठेवावा. बहुतेक रिसीव्हरांत रात्रीसाठीं एक सोय असते. तिनें मोठे आवाज दबतात व हलके उचलले जातात. शब्द तेवढेच राहतात, गडगडाट उतरतो.

खरेदीला जातांना आपल्या परिचयाचा, पुष्कळ संभाषण असलेला एखादा चित्रपट बरोबर न्यावा. युद्धाचा प्रसंग लावूं नये, कुजबुजीचा लावावा. दोन संच ताडतांना दोहोंचा आवाज सारखा ठेवावा, कारण किंचित् मोठा वाजणारा संच कानाला उगाच सरस भासतो. त्यांतहि खर्जाच्या बाबतींत कान अधिक फसतो. आवाज लहान असतां कानाला खर्ज कमी ऐकूं येतो, हें फ्लेचर व मन्सन ह्यांनीं १९३३ सालींच दाखवून दिलें आहे. जमल्यास घरांतील सर्वांत वडील माणसाला बरोबर न्यावें व डोळे मिटून ऐकावयास सांगावें. त्यांना शब्द लागले, तर सर्वांनाच लागतील.

आणि सर्व एकदम घेण्याची घाई नको. प्रथम एक साधा रिसीव्हर व डावा-उजवा असे दोन चांगले स्पीकर घ्यावेत. नंतर त्याच घराण्यांतील मधला. मग खोलीच्या मापाचा सबवूफर. आणि शेवटीं बाजूचे दोन. फारच थोडी जागा असेल, तर मधला मार्ग वेगळा असलेली एक लांबट पेटी, जिला ‘साउंडबार’ म्हणतात, तीहि चालेल. प्रत्येक पायरीवर कांहीं महिने थांबून ऐकावें. पुष्कळांना तिसऱ्या पायरीशींच असें आढळून येईल कीं, घरांतील सर्व माणसें एकत्र बसून, एकमेकांना न विचारतां, चित्रपट शेवटपर्यंत समजून पाहूं लागलीं आहेत. तसें झालें म्हणजे पुढची खरेदी खुशाल लांबणीवर टाकावी.